आधी डोह पाहू द्या, मग प्रतीक विचारा

मराठीच्या कृतिपत्रिका काढणाऱ्या, उत्तरसूची तयार करणाऱ्या आणि पेपर तपासणाऱ्या माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

‘काळा डोह’ हे कशाचे प्रतीक आहे? एक गुण. अपेक्षित उत्तर : मृत्यू.

बालकवींची ‘औदुंबर’ शिकवून झाली की हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. कधी सराव परीक्षेत, कधी गाईडात, कधी वर्गातल्या तोंडी प्रश्नांत. या एका प्रश्नावरून मी हे पत्र लिहिते आहे. शब्दाचा सरळ अर्थ कुठे घ्यायचा, त्याच्या पलीकडचा कुठे घ्यायचा आणि हे कशावरून ठरवायचं, हे आपण मुलांना शिकवतच नाही. कवितेत सरळ अर्थ घ्यायचा नसतो, एवढंच ती आपल्याकडून शिकतात. त्याची किंमत ती पुढे आयुष्यभर मोजतात असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा खटाटोप.

कविता आठ ओळींची आहे. ऐल तटावर, पैल तटावर हिरवाळी घेऊन एक निळासांवळा झरा बेटाबेटांतून वाहतो. पैल टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव आहे, पुढे शेतमळ्यांची हिरवी गर्दी. त्या गर्दीतून पांढरी पायवाट अडवीतिडवी पडली आहे आणि ती ‘हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे’. मग शेवटच्या दोन ओळी :

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

यात सरळ अर्थ कुठे कुठे अडतो ते पाहू. ‘पायवाट चालली’ म्हटलं तरी वाट काही चालत नाही. पण ‘ही वाट कुठे जाते?’ असं आपण रोज विचारतो आणि कुणी अडखळत नाही. ही भाषेतच मुरलेली लकब आहे, तिच्यात बालकवींचं खास असं काही नाही. ‘पाय टाकुनी जळांत बसला’ इथे मात्र वाचणारा थबकतो. झाडाला पाय नसतात आणि झाड बसत नाही. सरळ अर्थ इथे मोडतो, मोडावा म्हणूनच कवीनं तो असा रचलाय आणि त्यातून पाण्याकाठी निवांत बसलेला एक म्हातारा किंवा जोगी डोळ्यांपुढे उभा राहतो. ही चेतनगुणोक्ती आहे याबद्दल दोन वाचकांत मतभेद व्हायचं कारण नाही.

आता ‘काळा डोह’. इथे काय अडतं? काहीच नाही. उंबर ओढ्यानदीच्या काठाला वाढतो, त्याची सावली गर्द असते, खोल पाणी त्या सावलीत काळंच दिसतं. वाक्य सरळ वाचलं तरी ते पूर्ण उभं राहतं. मृत्यूचा अर्थ इथे शक्य आहे, सक्तीचा नाही. तो घ्यायचा तर वाचकानं आधार दाखवला पाहिजे : पांढरी वाट काळ्याकडे जाते, गावापासून निघून निर्जन जागी पोचते, बालकवींच्या इतर काही कवितांत उदासी दाटलेली आहे. हे आधार देऊन मृत्यू लिहिणाऱ्या मुलाला जरूर गुण द्या. पण ‘बालकवी 1918 साली अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेखाली सापडून गेले, म्हणून डोह म्हणजे मृत्यू’ हा आधार नव्हे. कवीच्या मरणाची सावली त्यानं आधी लिहिलेल्या ओळीवर टाकणं हे वाचन नाही. आणि या कवितेकडे शुद्ध निसर्गचित्र म्हणून पाहायचं की प्रतीक म्हणून, यावर मराठी समीक्षेत पिढ्यान् पिढ्या वाद झालेला आहे. जाणत्या समीक्षकांना जे एका शब्दात ठरवता आलं नाही, ते पंधरा वर्षांच्या मुलानं एका गुणासाठी एका शब्दात ठरवायचं?

एका मुलीचं उत्तर माझ्या पाहण्यात आलं. नदीकाठच्या खेड्यातली मुलगी. तिनं लिहिलं होतं, ‘उंबराची सावली दाट असते. सावलीत पाणी खोल असलं की काळं दिसतं. आमच्या नदीच्या डोहात पण असंच दिसतं. तिथे मोठी माणसं जाऊ देत नाहीत, म्हणून बघताना भीती पण वाटते आणि बघत राहावंसं पण वाटतं.’ समोर लाल शाईनं शून्य आणि शेरा : ‘प्रतीक लिहिले नाही.’

हे उत्तर पुन्हा वाचा आणि मग कवितेतले ‘गोड काळिमा’ हे दोन शब्द वाचा. काळिमा गोड कसा असेल, हा या कवितेतला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. त्याला उत्तरसूचीत जागाच नाही, कारण ‘मृत्यू’ म्हटल्यावर ‘गोड’चं काय करायचं ते कळत नाही. या मुलीनं मात्र ते सांगून टाकलं : भीती पण वाटते आणि बघत राहावंसं पण वाटतं. तिनं सरळ अर्थ धरून ठेवला म्हणूनच ती कवितेच्या गाभ्यापर्यंत पोचली, आणि ज्यानं पाठ केलेला एक शब्द लिहिला त्याला पूर्ण गुण मिळाले.

आपल्याकडे यासाठी शास्त्र नाही असं नाही. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ अडला की त्याला जोडून घेतलेला दुसरा अर्थ), व्यंजना (शब्दांतून नुसता सुचणारा अर्थ) या तीन शब्दशक्ती आपण सगळेच शिकलो आहोत. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं ‘काव्यप्रकाश’मध्ये लक्षणेच्या तीन अटी नेमक्या सांगून ठेवल्या आहेत. मुख्य अर्थाला बाध आला पाहिजे, म्हणजे तो अडला पाहिजे. नव्या अर्थाचा मुख्य अर्थाशी काही संबंध असला पाहिजे. आणि त्यामागे एक तर रूढी असली पाहिजे, नाही तर प्रयोजन. वर मी ‘औदुंबर’च्या ओळी ज्या कसोटीवर लावल्या ती हीच. वाट चालते ती रूढीनं, झाड पाय टाकून बसतं ते प्रयोजनानं. काळ्या डोहात बाधच नाही, तेव्हा तिथे जे काही जाणवतं ते व्यंजनेचं. आणि व्यंजनेचा अर्थ बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांवर बदलतो, हेही तिथेच सांगितलेलं आहे. ‘सूर्य मावळला’ हे एकच वाक्य गुराख्याला गुरं वळवायला सांगतं, चोराला कामाला लागायला सांगतं आणि वाट पाहणाऱ्या प्रेयसीला तिसरंच काही सांगतं. आपण मात्र ‘आम्ही ज्वारी खातो : लक्षणा’, ‘बाबा ताटावर बसले : लक्षणा’ अशी यादी पाठ करून घेतो आणि हे सगळं व्याकरणाच्या तासाला संपवतो. कवितेच्या तासाला ते हत्यार कुणी बाहेर काढत नाही. रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं असे तीन परिच्छेद पाडायला लावतो, पण ‘सरळ अर्थ कुठे अडला?’ हा प्रश्न तिन्हीत कुठेच नसतो.

काही कवी अर्थाची किल्ली स्वतःच हातात देतात. नाथांचं विंचवाचं भारूड घ्या. ‘कामक्रोध विंचू चावला’ असं पहिल्या दमातच सांगून नाथ मोकळे होतात. मग ‘विंचू म्हणजे काय?’ या प्रश्नात विचारण्यासारखं काय उरतं? ते तर पैठणच्या बाजारात भारूड ऐकणाऱ्या शेवटच्या माणसालाही सोळाव्या शतकात कळलं होतं. खरा प्रश्न पुढे आहे. विंचूच का? साप का नाही, वाघ का नाही? त्यासाठी खरा विंचू ठाऊक हवा. ‘तम घाम अंगासी आला’ असं नाथ म्हणतात. लाल विंचू चावलेला माणूस खरोखर घामानं निथळतो. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्या दंशाचा अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्याची ही ओळखीची खूण आहे. आणि भारुडाच्या शेवटी, सत्त्वगुणाचा उतारा दिल्यावर, सगळं बरं झालं असं नाथ म्हणत नाहीत. ‘किंचित राहिली फुणफुण’ म्हणतात, आणि मग ‘शांत केली जनार्दने’. विष उतरलं तरी नांगी लागलेल्या जागी ठणका मागे राहतो, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच ही ओळ सुचते. राग गेला असं वाटतं आणि आत कुठेतरी तो चुरचुरत राहतो, गुरूशिवाय तेवढंही जात नाही, हे सगळं त्या एका ‘फुणफुणी’त आहे. ‘विंचू म्हणजे कामक्रोध’ एवढं लिहून घेऊन आपण विंचवालाच वर्गाबाहेर काढतो, आणि त्याच्याबरोबर ही ओळही जाते.

तुकोबांचंही तसंच. ‘आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां’ ही ओळ शब्दशः घेणं अशक्य आहे, स्वतःचं मरण कुणी पाहू शकत नाही. बाध इतका पुरा आहे की दुसरा अर्थ शोधणं भागच पडतं. पण तो शोधायला अभंगाबाहेर जावं लागत नाही. ‘एकदेशीं होतों अहंकारें आथिला, त्याच्या त्यागें जाला सुकाळ हा’, असं तुकोबाच पुढे सांगतात. मेला तो अहंकार. इथे एक नेमकं उत्तर मागणं योग्यच आहे, कारण ते अभंगात लिहिलेलं आहे. ‘औदुंबर’मध्ये तसं काही लिहिलेलं नाही. या दोन प्रकारच्या कवितांना एकाच साच्याचा प्रश्न लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ज्या गोष्टीनं मी सर्वांत अस्वस्थ होते ती.

चोखोबांचा ‘जोहार’ आपण शिकवतो :

जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार ॥
बहु भुकेला जाहलों । तुमच्या उष्ट्यासाठी आलों ॥

शेवटी चोखोबा म्हणतात, उष्ट्यासाठी पाटी आणली आहे. यावरची उत्तरं मी वाचली आहेत. ‘भूक म्हणजे ईश्वरभेटीची भूक.’ ‘उष्टे म्हणजे संतांचा कृपाप्रसाद.’ ‘पाटी म्हणजे रिकामे मन.’ उत्तर नीटनेटकं, अक्षर सुरेख, गुण पूर्ण.

इथे मम्मटाची पहिली अट लावा. सरळ अर्थाला कुठे बाध येतो? ज्या माणसाला जोहार, म्हणजे महारांनी वरच्या जातींना करायचा नमस्कार, घालणं भाग होतं, ज्याच्या वाट्याला गावाचं उरलंसुरलं येत होतं, तो सांगतोय की मला भूक लागली आहे आणि मी पाटी घेऊन आलो आहे. यातला प्रत्येक शब्द शब्दशः खरा आहे. चोखोबा 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. त्यांच्या नंतरही सहा शतकं त्यांच्या जातभाईंना आत जाता येत नव्हतं, आणि 1947 साली त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. हे माहीत असताना ‘भूक म्हणजे ईश्वरभेटीची भूक’ एवढंच लिहायला लावणं म्हणजे चोखोबांच्या हातातली पाटी काढून घेणं आहे.

अभंगाला दुसरा अर्थ नाही असं मी म्हणत नाही. आहे, आणि तो फार मोठा आहे. हा जोहार पाटलाला नाही, विठ्ठलाला आहे. गावानं लादलेली रीत तशीच्या तशी उचलून चोखोबा देवापुढे ठेवतात, आणि मग ऐकणाऱ्याला विचार पडतो की देवाच्या दारीही यांना उष्टंच मागावं लागतं का. भक्ती, नम्रता आणि आर्त तक्रार एका वेळी ऐकू येते. पण ती ऐकू येते ती भूक खरी आहे म्हणून. खरी भूक खोडली की उरते ती गुळगुळीत आध्यात्मिक ओळ, जी कुणीही पोटभर जेवून लिहू शकतो.

हीच गोष्ट दया पवारांच्या ‘बलुतं’ (1978) किंवा लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’ (1980) यांसारख्या आत्मकथनांतले उतारे विचारताना होते. तिथली भूक, तिथली मारहाण, तिथलं पाल हे कशाचंही ‘प्रतीक’ नाही. ते घडलं आहे. त्याखाली ‘प्रतीकात्मकता स्पष्ट करा’ असा प्रश्न टाकू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

उलट टोकाचं उदाहरणही सांगते, कारण लाक्षणिक भाषा जिवावरची बातमीसुद्धा वाहून नेते हे मुलांना कळायला हवं. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हे वाक्य आपण लक्षणेखाली शिकवतो आणि पुढे जातो. त्याच वेळचं सावकारी पत्र मात्र कुणी वर्गात नेत नाही. 14 जानेवारी 1761 च्या लढाईनंतर सावकारांचा जासूद उत्तरेकडून औरंगाबादला निघाला होता. वाटेत नानासाहेब पेशव्यांच्या छावणीत त्याच्याजवळचं पत्र उघडलं गेलं. मजकूर असा की दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये आणि खुर्दा, म्हणजे चिल्लर, किती गेला याची गणती नाही. परक्याच्या हाती पडलं असतं तर ते व्यापारातल्या खोटीचं पत्र वाटलं असतं, कारण सरळ अर्थाला कुठेच बाध नाही. नानासाहेबांना मात्र कळलं, कारण प्रसंग त्यांच्या डोळ्यांसमोर होता : मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार. त्याच वर्षी जून महिन्यात ते पुण्यात पर्वतीवर वारले.

हे पत्र दहावीच्या वर्गात ठेवून बघा. मुलांना विचारा, साधे सैनिक या पत्रात कोण? उत्तर येतं : खुर्दा. मग विचारा, हे वाचून तुम्हाला काय वाटलं? तो तास मुलं विसरणार नाहीत. रूपक वापरणारा माणूस काय लपवतो आणि नकळत काय उघड करतो, दोन्ही त्या एका शब्दात दिसतं.

हे शिक्षण परीक्षेपुरतं नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता 1994 साली एका बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात छापली गेली, त्यावरून खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कवितेतले गांधी म्हणजे कवीच्या कल्पनेतलं रूप मानायचं की प्रत्यक्ष महात्माजी, यावर तिथे युक्तिवाद झाले. मे 2015 मध्ये न्यायालयानं निकाल दिला की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील शब्द घालायला काव्यस्वातंत्र्य पुरेसं नाही. निकाल कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. पण एखाद्या ओळीवरून भावना दुखावल्याचा गलका होतो तेव्हा ‘ही ओळ सरळ आहे की लाक्षणिक, आणि मी हे कशावरून म्हणतो?’ असं शांतपणे विचारू शकणारी माणसं समाजात हवीत. ती आपल्याच वर्गांतून बाहेर पडतात.

तेव्हा माझं मागणं असं. ‘कशाचे प्रतीक आहे?’ या प्रश्नाच्या आधी ‘ओळीत प्रत्यक्ष काय दिसते ते लिहा’ हा प्रश्न ठेवा आणि त्याला स्वतंत्र गुण द्या. वर्णन हे खालच्या पायरीचं उत्तर आहे असं मानणं सोडा. डोह, विंचू, पाटी नीट पाहणं हेच अर्ध्याहून अधिक काम आहे. प्रतीक विचारायचंच असेल तर त्याच प्रश्नात ‘असे कशावरून म्हणता?’ जोडा, आणि गुण त्या ‘कशावरून’ला द्या. कवीनं स्वतः अर्थ सांगितला आहे तिथे एकच उत्तर मागा. जिथे सांगितलेला नाही तिथे उत्तरसूचीत ‘आधार दिल्यास अन्य उत्तर ग्राह्य’ हे वाक्य छापा आणि तपासणीच्या वेळी ते खरंच पाळा. तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या मॉडरेटरांनाही माझं हेच सांगणं आहे. उत्तरसूचीपेक्षा वेगळं पण कवितेला धरून असलेलं उत्तर समोर आलं तर तपासणाऱ्याच्या हाताला धरून ते वाचायला लावा.

आणि अधूनमधून असाही एक प्रश्न टाका, ज्याचं बरोबर उत्तर ‘इथे सरळ अर्थच आहे’ असं असेल. आज एकाही मुलाला हे उत्तर लिहायचं धाडस होत नाही, कारण ते कधीच बरोबर नसतं अशी त्याची खात्री झालेली असते.

तपासणीचा ताण मला ठाऊक आहे. गठ्ठे वेळेत द्यायचे असतात, डोळे दुखतात, एका शब्दाचं उत्तर तपासायला सोपं पडतं आणि गुणांवरून वाद होत नाही. तरीही तीन-चार ओळींचं ‘कशावरून’ वाचायला लागतो तो अर्धा मिनिट आपण काढू शकतो. प्रश्नपत्रिकेत असे दोन प्रश्न असले तरी वर्गातलं शिकवणं बदलेल, कारण वर्गात काय शिकवायचं हे अखेर प्रश्नपत्रिकाच ठरवते.

‘औदुंबर’, विंचवाचं भारूड, ‘जोहार’ आणि पानिपतचं सावकारी पत्र यांवर मी अशा पद्धतीचे प्रश्न काढून ठेवले आहेत. ते वापरा, त्यांत चुका दाखवा, आपल्या भागातल्या मुलांना चालतील असे बदला. पहिल्या सत्राच्या कृतिपत्रिका काढायला बसण्याआधी शक्य तिथे आपण तालुक्याच्या ठिकाणी एखादी दुपार एकत्र बसू या. येताना प्रत्येकानं मुलांची पाच उत्तरं आणावीत, ज्यांना उत्तरसूचीप्रमाणे गुण देता आले नाहीत आणि तरी ती मनातून जात नाहीत, अशी. सुरुवात तिथूनच करू.

आपली,
ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारी एक सहकारी